वेशीवाला भेला होता

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि ज्ञानूला तर नाहीच – खरं तर सांगायला हवं ते त्यालाच. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा ओळखतही असाल – मराठीत अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका समजावून सांगणारा, लोणारचा, टोपी उलटी घालून बोलणारा एक पोरगा तुमच्या मोबाइलवर कधी येऊन गेला असेल, तर तो मीच. पंकज.

पण आधी वेशीवाल्याबद्दल सांगावं लागेल. त्याच्याशिवाय माझं सांगता येत नाही – हीच तर माझी पंचाईत आहे.

वेशीवाला जिच्यात आहे ती मालिका तुम्ही पाहिली नसेल तर एवढंच: एक तटबंदीचं शहर. बाहेरच्या रानातून अधूनमधून विषारी धूर येतो, त्यात सापडला तो संपला. वेशीवर एक साधा पहारेकरी. एके दिवशी धूर उठतो तेव्हा लाकडं तोडायला गेलेली माणसं जीव घेऊन परत पळत येतात. त्यांत याचा सख्खा भाऊ. आणि हा वेस लावून घेतो. बाहेरचे मरतात, शहर राहतं. पुढं हाच माणूस शहराचा मालक होतो आणि त्या दिवसाबद्दल जो विचारेल त्याला नाहीसा करतो. तरी रस्त्यातली भटकी पोरं गोळा करून त्यांना जेवू घालतो. मग हा माणूस कसला? त्याचं जपानी नाव आमच्या जिभेवर बसत नव्हतं. आम्ही त्याला वेशीवाला म्हणायचो.

आम्ही म्हणजे मी आणि ज्ञानू. ज्ञानू सुलतानपूरचा. घरी भाजीपाला, वांगी-टोमॅटो-कोथिंबीर. आम्ही लोणारला एकाच कॉलेजात होतो. तो पोलीस भरतीची तयारी करायचा, पहाटे रस्त्यावर पळून यायचा आणि वर्गात डुलक्या काढायचा. दुपारी स्टँडवर त्याची एसटी येईपर्यंत माझ्या मोबाइलवर एकेक भाग व्हायचा. एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या.

वेशीवाल्यावरून चाहत्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो हैवान. दुसरा म्हणतो थोर माणूस – भावाचा बळी दिला, शहर वाचवलं. मी दुसऱ्या तटात होतो. मला तो आवडायचा. थंड डोक्याचा, हिशेब मांडून निर्णय घेणारा. मलाही आपण तसेच आहोत असं वाटायचं – कशावरून वाटायचं, कोण जाणे.

ज्ञानूचं भलतंच होतं. तो म्हणायचा, "कायचा हैवान अन् कायचा थोर? भेला बे तो! पाह्य ना, धूर अजून लांब हाये अन् याचे पाय मांगं मांगं चालले. इचार करणारा माणूस असा मांगं सरकते का?"

"मग शहर वाचवलं ते?"

"ते त्याले नंतर सुचलं."

आणि हे खरं आहे. 'मी दार लावलं म्हणून हे शहर आहे' हे त्याचं वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे, पण वेस लावताना तो ते बोलतच नाही. तेव्हा तो काहीच बोलत नाही. ते वाक्य पुष्कळ भागांनंतर येतं, एक मुलगी त्याला भावाबद्दल विचारते तेव्हा. रील बनवणाऱ्यांनी ते उचलून वेशीच्या प्रसंगावर चिकटवलं, आणि आता निम्म्या लोकांना तसंच आठवतं. मालिका पूर्ण पाहिलेल्यांनासुद्धा. मी ज्ञानूला हसलो होतो. म्हटलं, तुला मोठी माणसं कळत नाहीत.

आता ते सांगतो.

मला वेशीवाल्यावर व्हिडिओ करायचा होता. मागं जुनी दगडी भिंत हवी होती, म्हणून आम्ही दोघं सरोवराकाठच्या जुन्या देवळांकडे उतरलो. हिवाळा होता, दुपार होती. ज्ञानूला त्या दिवशी यायचं नव्हतं. त्याचा मैदानी सराव होता. मीच ओढून नेला. मोबाइल धरायला कोणीतरी पाहिजे होतं ना. मी भिंतीशी उभा राहिलो आणि त्याला म्हटलं, मागं जा, अजून मागं, त्या झाडाखाली, म्हणजे पूर्ण भिंत येईल. तो गेला. झाडाला आग्या मोहोळ होतं. आमच्यातल्या कोणी वर पाहिलं नाही.

मोहोळ कशानं उठलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पलीकडं कोणी पाला पेटवला होता म्हणतात. मी फक्त आवाज ऐकला. मग एक माशी कानामागं, एक ओठावर – आणि मी पळालो. जवळच चौकीदाराची पत्र्याची खोली होती. आत शिरलो, दार ओढलं, कडी घातली. आत आधीच कोणीतरी बाई होती, बाहेरगावची, लहान मुलीला पदराखाली घेऊन कोपऱ्यात पाठमोरी बसलेली.

मग दारावर हात पडले.

"पंक्या! उघड बे! पंक्या, उघड!"

पुढचं मी आतापर्यंत सगळ्यांना एकाच पद्धतीनं सांगितलंय. कडी गंजलेली होती, अडकली, निघेना. मी दोन्ही हातांनी हिसके देत होतो. चौकीदाराला सांगितलं, पोलिसांना सांगितलं, ज्ञानूच्या वडलांना सांगितलं. चौकीदारही म्हणाला, हो, कडी जुनीच आहे. संपलं. कोणी पुन्हा विचारलं नाही.

माझं डोकं आजही इथं येऊन गोंधळतं. किती वेळ गेला? मला तो खूप वाटतो, पण भीतीत वेळ असाच लांबतो ना? त्या बाईनं 'उघडू नका' म्हटलं का? कधी मला तो आवाज स्पष्ट ऐकू येतो, कधी वाटतं मीच तो नंतर भरला. मी त्या मुलीचा विचार केला का – दार उघडलं तर माशा आत येतील, लेकरू मरेल? पुढं मी स्वतःला हेच सांगत आलो. लेकरू वाचवलं. पण मुलगी रडली तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं, आणि तोपर्यंत दारावरचे हात थांबले होते. त्याआधी खोलीत लेकरू आहे हे मला आठवत तरी होतं का?

एक गोष्ट मात्र गोंधळाची नाही. बाकी सगळं धूसर असो, ही नाही.

कडी अडकली नव्हती.

मी ती धरून उभा होतो. उघडायला नव्हे – बाहेरच्या हादऱ्यानं निघू नये म्हणून. अंगठ्यानं दाबून धरली होती. ज्ञानूचा आवाज मला ओळखू येत होता. माझं नाव घेत होता तो, दुसऱ्या कोणाचं नाही. आणि मी दोन पावलांवरही नव्हतो, मी दाराला लागूनच होतो, मध्ये फक्त पत्रा.

गावातल्या माणसांनी ओल्या पोत्यांचा धूर केला आणि घोंगडी टाकून त्याला उचललं. तेव्हा मी बाहेर आलो. त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. लोणारच्या दवाखान्यातून जालन्याला हलवलं, किडनीवर परिणाम झाला, डायलिसिस झालं. पुष्कळ दिवसांनी घरी आला. जीव वाचला. डाव्या बुबुळात माशीचा काटा रुतला होता, तिथं पांढरा डाग राहिला. त्या डोळ्यानं त्याला धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं.

भरती संपली. सरळच आहे – तसल्या डोळ्यावर कोण घेतं? आता दुसरबीडला रस्त्यालगत त्याचं मोबाइलचं दुकान आहे. कव्हर, काचा, चार्जर.

तो घरी आल्यावर मी सुलतानपूरला गेलो होतो, सांगायलाच. खरंच सांगायला. एसटीत वाक्यं जुळवत होतो. दारात त्याच्या आईनं माझा हात धरला. "बाबू, तू संगं होता म्हनून पोरगं हाती लागलं. नाहीतर कोनाले कळलं असतं?" मग पाट मांडला, भरीत वाढलं. मी जेवलो. आता विचार करतो, कसा जेवलो? पण जेवलो, भाकरी मागूनही घेतली.

ज्ञानू खाटेवर होता. आई आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "पंक्या, वेशीवाल्याचं मी चुकीचं बोलत होतो."

मी म्हटलं, "आता कशाला ते?"

"नाही बे, पडल्या पडल्या तोच इचार करून राह्यलो होतो. तुयाकडून कडी निघाली नाही. तुले काय कमी वाटलं असन? त्याचं बी तसंच असन. आतल्या माणसाचं बाहेरच्याले नाही कळत."

कळतंय तुम्हाला, काय झालं होतं ते? त्या मालिकेतल्या माणसाला आमच्यापैकी एकट्या ज्ञानूनं बरोबर ओळखलं होतं, आणि माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून त्यानं ते सोडून दिलं. मी मान हलवली. त्याला बरं वाटावं म्हणून, असं तेव्हा मनाशी म्हटलं. त्याला?

मग मी व्हिडिओ केला. तोच, वेशीवाल्यावरचा. का केला? कोणीतरी त्याला दोषातून सोडवावं असं वाटत असेल, आणि दुसरं कोण सोडवणार? मी म्हटलं, त्याच्यापुढं दुसरा रस्ताच नव्हता. आणि जे वाक्य वेशीवर तो बोलतच नाही ते मीही तिथं चिकटवलं – माहीत असून, ज्ञानूनं दाखवलेलं असून. व्हिडिओ चालला. माझ्या कुठल्याच व्हिडिओला तेवढी माणसं आली नव्हती. लोक लिहायचे, दादा, रडवलं. रस्त्यात पोरं थांबवायला लागली.

यंदा मालिकेचा नवा भाग आला आणि वेशीचा तो दिवस पुन्हा दाखवला, या वेळी बाहेरून. नुसती बंद लाकडी फळी, आणि तिच्यावर आपटणारे हात. आत काय चाललंय ते दाखवतच नाहीत. चाहत्यांत पुन्हा मारामारी. सगळे मला विचारायला लागले, दादा, तुमचं मत काय? मी तो प्रसंग पाहिला आणि मोबाइल पालथा घातला. त्याच दिवशी माझा जुना व्हिडिओ लोकांना दिसणार नाही असा करून टाकला.

लगेच ज्ञानूचा फोन.

"काऊन काढला बे?"

"चुकीचा होता."

"काय चुकीचं होतं त्यात?"

मी रस्त्यातल्या एका दुकानाच्या ओट्यावर बसलो. कोणाचं दुकान होतं तेही आठवत नाही. म्हटलं, "ज्ञानू, तू पहिल्यांदा म्हणत होता तेच बरोबर होतं. तो भेला होता. दार उघडत होतं. त्यानं उघडलं नाही."

पाहा ना, एवढ्या जवळ गेलो होतो मी. 'त्यानं'च्या जागी 'मी' म्हणायचं होतं, बस. त्याच्या दुकानासमोरून ट्रक गेला, त्याचा आवाज आला. त्याला कळलं का? क्षणभर मला वाटलं, कळलं. मला वाटतं, कळावं अशी माझी इच्छाही होती – सांगावं न लागता.

मग तो हसला. "तुले काय माहीत बे, तो भेला होता म्हणून? तू होता का तिथं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अन् समज, भेला असन," तो म्हणाला, "तरी मले त्याचा राग नाही येत आता. पहिले यायचा. लोकाईले कळू दे ना त्याची बाजू. तू टाक तो व्हिडिओ परत. मी दुकानात येणाऱ्या पोराईले तोच दाखवतो, माया दोस्तानं बनवला म्हणून."

हे मी कसं समजू? त्यानं मला माफ केलं का? पण कोणाला केलं – ज्याची कडी निघाली नाही त्याला, की वेशीवाल्याला? मला नाही. मी कोण ते त्याला ठाऊकच नाही. तरी फोन कानाला लावून मी बसलो होतो, आणि मला बरं वाटत होतं. हे लिहायला सगळ्यात जड जातंय – दाराचं नाही, हे. मला बरं वाटलं.

तो म्हणाला, "टाकतो ना?"

मी म्हटलं, "हाव, टाकतो."

आणि टाकला. आहे तसाच, ते चिकटवलेलं वाक्य न काढता. तुम्ही शोधलात तर सापडेल.