शाळिग्रामाचे सोयरे

माधवरावांना किळस यायला निमित्त लागत नसे. ग्वाल्हेरच्या दाल बाजारातला चहा असो की पाहुण्याने वापरलेला टॉवेल, त्यांचं नाक मुरडलेलंच. खासगी बाजारातल्या घरी एकटे सोवळं पाळत ते नाकाने कांदे सोलत. त्याच शहरात, शिंदे की छावनी वस्तीतल्या हेमेंद्राच्या घरात लेक अंतरा लग्न होऊन पडली. घर मराठ्यांचं, मासे-मटण खाणारं. तिथे माधवराव जात, बसत, पण पाण्याला शिवत नसत. "लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत," असा इथल्या हिंदीवाल्यांचा रिवाज ते पुढे करीत. अंतराची सासू विजयाबाई दरवेळी पेला ठेवी आणि भरलेलाच उचलून नेई.

लेक-जावयाने त्यांना द्वारकेला नेलं. पूजेत खंड नको म्हणून घरचा शाळिग्राम डबीत घालून त्यांनी खिशात घेतला होता. दर्शनानंतर हेमेंद्र सगळ्यांना किनाऱ्यावरच्या मत्स्यालयात घेऊन गेला.

दारातच कुबट, खारट वासाने माधवरावांना मळमळलं. आत एक आठ हातांचा प्राणी काचेला चिकटून लिबलिबत होता.

"शेंबडाला डोळे फुटलेत," म्हणत ते पुढच्या दालनात पळाले. तिथे नुसते कोरडे दगड होते, म्हणून बरं वाटलं. एका काळ्या दगडातलं चक्र पाहून त्यांचे हात आपोआप जुळले.

अंतरा पाटी वाचून त्यांना पुढे ओढू लागली.

"काय लिहिलंय?"

"बाबा, छोड़ो ना."

"वाच."

"हा समुद्रातला जीव होता. त्या आठ हातवाल्याचा लांबचा नातलग. ह्यालाच लोक शाळिग्राम म्हणून पूजतात."

खिशातली डबी त्यांना एकदम ओली वाटली. ह्याच्या अंघोळीचं पाणी आपण जन्मभर तीर्थ म्हणून प्यालो. बाहेर वाळूत जाऊन ते ओकले.

ग्वाल्हेरला परतल्यावर तीर्थाची ओंजळ ओठांशी अडली. देव टाकवेना, पाणी गिळवेना. शेवटी डोळे मिटून गिळलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. देवाचं चालतं, लेकीचं चालत नाही.

ते तडक छावनीत गेले. स्वयंपाकघरात मासे तळणं चाललं होतं.

"विजयाबाई, पाणी द्या."

विजयाबाई जागच्या हलल्या नाहीत. "राहू द्या, व्याहीबुवा. तुम्ही नाक मुरडलेलं पाणी मी आजवर मोरीत ओतत आले. आम्हालाही किळस येते."

माधवरावांनी स्वतःच पुढे होऊन माठातून पेला भरला आणि उभ्याने प्याला. माशांचा वास घशापर्यंत आला. तरी त्यांनी पेला पुन्हा माठात बुडवला.