लाझारच्या कॅमेऱ्यातला नेदको

लाझार कारादिमोव फरशा विकत होता तोवर माझं त्याच्याविषयी काही म्हणणं नव्हतं. फरशा बऱ्या असायच्या. पंचावन्नाव्या वर्षी त्यानं भलामोठा कॅमेरा घेतला, खिसेच खिसे असलेलं जाकीट घेतलं, आणि तुंजा नदीकाठच्या आमच्या गावात कलावंत म्हणून मिरवायला लागला. उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग.

तेव्हा विहराबाई वाचनालयाच्या सभागृहात नवशिक्यांना फोटोग्राफी शिकवायच्या. माझं औषधांचं दुकान बंद करून मीही जायची. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "फोटो म्हणजे आत शिरलेला उजेड. भोक केवढं, ते किती वेळ उघडं, आणि आतला पडदा उजेडाला किती हपापलेला, एवढ्या तिघांचं गणित. एकानं कमी पडलं तर दुसऱ्यानं भरून काढायचं. पण फुकट काही मिळत नाही. भोक मोठं केलंत तर मागचं-पुढचं धूसर होतं. वेळ वाढवलात तर हलणारं पुसलं जातं. पडद्याची हाव वाढवलीत तर फोटोभर रवा सांडल्यासारखे ठिपके येतात."

लाझार मोठ्यानं हसला. "बाई, हे भोकांचं गणित नळवाल्याला शिकवा. माझ्याकडे नजर आहे."

दुसऱ्या तासाला त्यानं जांभया दिल्या. तिसऱ्याला आलाच नाही, पण त्या आठवड्यात त्याच्या नावाची कार्डं छापून आली: 'छायाचित्रकार'. एक माझ्याही दुकानात ठेवून गेला, खोकल्याच्या गोळ्यांशेजारी.

जानेवारीत योर्दानोवदेनचा सण आला. त्या सकाळी आमचे पाद्री नदीत क्रूस फेकतात आणि गावचे पुरुष बर्फासारख्या पाण्यात उड्या घेतात. ज्याच्या हाती क्रूस, त्याचं वर्ष भाग्याचं. नेदको बस चालवतो. तो पोरवयापासून उडी मारत आला होता आणि दरवर्षी हात हलवत बाहेर येत होता. लोक त्याला 'कोरडा नेदको' म्हणायचे. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, या वेळी निघताना तो तिला म्हणाला होता, "मिळाला तर फोटोच आणून दाखवतो."

पाण्याजवळची मोक्याची फळी लाझारनं अडवली होती. आभाळ भरलेलं, नदीवर धुकं. त्यानं कुठंसं वाचलं होतं की भोक बारीक ठेवलं की जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट येतं आणि हाव कमी ठेवली की फोटो तलम येतो. दोन्ही केलं. उजेडाची सगळी तूट मग कॅमेऱ्यानं वेळ वाढवून भरून काढली. विहराबाई मागून म्हणाल्या, "लाझार, इतक्या अंधारात हलणारी माणसं पुसली जातील."

"बाई, मध्ये बोलू नका. माझी तंद्री मोडते."

क्रूस पडला. पाण्यात एकच झुंबड उडाली, आणि नेदको वर आला तो हात उंचावून. कोरडा नेदको! सगळा काठ ओरडला. मी रडले, खोटं कशाला सांगू.

घोंगडी गुंडाळून, दातांवर दात आपटत तो लाझारकडे धावला. "दाखवा ना, लाझारदादा."

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काचेत काठावरचे दगड सुरेख आले होते. न हललेले पाद्रीही आले होते. पाण्यात मात्र पिठल्यासारखं काहीतरी पसरलं होतं.

"यात मी कुठला?"

"हा काय. हा वेग आहे, नेदको. याला कला म्हणतात."

"आणि माझं डोकं?"

लोक हसायला लागले. शहाण्यानं तिथं कॅमेरा म्यान केला असता. दुपारी ऊन पडलं तसा लाझार नेदकोच्या दारात हजर. क्रूस दिवसभर मिळवणाऱ्याकडेच असतो. "चल, पुन्हा उतर. आईसाठी." आणि तो भोळा उतरला. कमरेइतक्या पाण्यात, भोवती उन्हात चकाकणारा बर्फ. सकाळी उजेड कमी पडला म्हणून लाझारनं आता भोक सताड उघडलं आणि हाव शेंड्याला नेली. वेळ आणखी कमी करता येईना म्हणून कॅमेरा आकडा लुकलुकवून बोंबलत होता, पण ऐकतो कोण?

"काढला का?" नेदको काकुळतीला आला.

"थांब, हात वर धर. हसतमुख!"

आला तो नुसता पांढरा कागद. नदी नाही, क्रूस नाही, नेदकोच्या जागी दोन नाकपुड्या.

नेदकोला ताप भरला. गोळ्या न्यायला त्याची बायको माझ्याकडे आली, तेव्हा तिनं फोनवरचा फोटो दाखवला: स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली नाक लाल झालेला नेदको, हातात क्रूस, शेजारी खुर्चीवर आणून बसवलेली आई. रवा भरपूर सांडला होता. आईचा हात मुलाच्या मनगटावर होता आणि तो स्वच्छ दिसत होता.

लाझारला काही लाज? वसंतात त्यानं तो पिठल्याचा फोटो मोठा करून सभागृहात टांगला. नाव दिलं 'आत्म्याची झेप'. महापौरबाईंनी त्याला शाल घातली नाही एवढंच, प्रशस्तिपत्र दिलं. विहराबाई उन्हाळ्यात मुलीकडे राहायला गेल्या, तर नवशिक्यांचा वर्ग यालाच मिळाला.

पहिल्या तासाला मी गेले. एका मुलीनं विचारलं, "सर, भोक केव्हा लहान करायचं?"

"ते पुढं बघू," लाझार म्हणाला. "आधी नजर कमवा."

मुलीनं ते वहीत लिहून घेतलं. मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले आणि हळूच म्हटलं, "ते खोड. तास संपला की माझ्या दुकानात ये."

ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघत राहिली.