पाचवा खडा

येरमाळ्याच्या शाळेत मी मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा वर्गाच्या भिंतीवर निजामाच्या काळातला उर्दू अक्षरांतला नकाशा अजून टांगलेला होता. त्याच्या शेजारी मी वर्तमानपत्रातून कापलेला एव्हरेस्टचा फोटो चिकटवला. शिखर सर झाल्याची बातमी नुकतीच आली होती आणि तिनं मला झपाटलं होतं. माणसं तिथं का जातात, बर्फात बोटं गमावूनही पुन्हा का जातात, यावर मी भूगोलाचा धडा सोडून बोलत बसायचो. आव असा, की कालच उतरून आलोय.

घरीही तेच. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायको भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा म्हणाली, "तुमी जानार का तिथं?"

"जाणार म्हणजे? वर नाही, पण पायथ्याशी नक्की. तुलाही नेणार!"

बोलून गेलो. शब्द द्यायला तेव्हा मी फार उदार होतो.

त्या चैत्रात डोंगरावरच्या येडेश्वरीची, आमच्या येडाईची, यात्रा भरली. आमच्याकडची रीत अशी, की पालखी डोंगराखाली चुन्याच्या रानात आली की प्रत्येकानं चुनखडीचे पाच खडे वेचून ढिगावर टाकायचे. त्याच चुन्यानं देऊळ रंगवतात. बघता बघता पांढराशुभ्र ढीग उभा राहिला. मी म्हणालो, "बघ, शिखर असंच दिसतं." तिनं चार खडे ढिगावर ठेवले आणि पाचवा पदराच्या गाठीला बांधला.

"अगं, देवीचा आहे तो!"

"तुमच्या डोंगरापाशी जाऊन आलो की घालीन. येडाईला सांगितलंय म्या."

खडा कोनाड्यात बसला. पुढं लोहाऱ्याला बदली झाली, मग येडशीला. सामानाबरोबर तोही हिंडला. दर उन्हाळ्यात मी नवं कारण काढायचो. कधी परीक्षेचे पेपर, कधी पोरीचं बाळंतपण. खरं कारण कुणालाच सांगितलं नव्हतं. मला उंचीची भीती वाटते. घराच्या माळवदाच्या कडेलाही मी कधी जात नाही. त्याची फार लाज वाटायची, आजही वाटते. तरी फोटो मात्र प्रत्येक शाळेत लावला. त्या शिखराची ओढ खोटी नव्हती.

निवृत्तीनंतर एका दुपारी धीर करून तिला विचारलं, "शब्द दिला आणि नेलं नाही. राग नाही आला कधी?"

"राग कशाचा? येडाईच्या पायऱ्या उतरताना तुमी डोळं मिटून भिंत धरता. पैल्याच यात्रेत बगितलंय म्या."

म्हणजे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं! "मग खडा कशाला जपलास?"

"तुमाला मनातनं जायचं व्हतं न्हवं? घरात एकानं तरी ते खरं धराया पायजे."

"आता देवीला काय सांगायचं?"

"सांगते की, नवरा लई भ्याला म्हनून," ती हसत म्हणाली.

पुढच्या चैत्रात आम्ही यात्रेला गेलो. पाचवा खडा मी ढिगावर ठेवला. हात लागून लागून तो पिवळट, गुळगुळीत झाला होता. मग दर्शनाला वर चढलो. उतरताना तिनं माझा हात घट्ट धरला. लोक बाजूला होऊन वाट देत होते. त्यांना वाटलं, म्हातारा बायकोला सांभाळून उतरवतोय.