देशकर साहेबांचे कान

पेणच्या कोर्टात देशकर साहेबांसमोर साक्षीदार ‘नाय’ म्हणाला की साहेब हातातलं पेन खाली ठेवत आणि विचारत, “हे तुमचं नाय म्हणजे नाही, की होय?” बाहेरगावचे वकील हसत. आम्ही पेणकर हसत नसू, कारण या प्रश्नाचा उगम आम्हाला ठाऊक होता.

साहेब वऱ्हाडातले, नुकतेच बदलून आलेले. गडबच्या एका म्हातारीचा शेताच्या वाटेवरून दावा होता आणि तिचा वकील मी. वाट सासऱ्यांच्या वेळेपासूनची आहे का, असं विचारल्यावर ती पुटपुटली, “नाय तर काय.” पुढचे दोन शब्द पदरातच राहिले. साहेबांनी ‘नाही’ असं लिहवून घेतलं. एवढ्या एका शब्दावर म्हातारीची वाट गेली असती. मी उठणार, तोच साहेबांनी जबानी वाचून दाखवली आणि म्हातारी थेट त्यांनाच म्हणाली, “असं कवा बोलले मी? नाय तर काय म्हणजे व्हयच ना.”

दुसरा एखादा तिच्यावर डाफरला असता. साहेबांनी शब्द खोडायला लावला आणि भर कोर्टात सांगितलं, “चूक बाईंची नाही. माझ्या कानाची आहे.” मी तेव्हाच त्या माणसावर लुब्ध झालो.

निवृत्तीनंतर साहेब रोह्याला लेकीकडे राहायला गेले. इकडे मला नाटक लिहायची हौस. त्यातला न्यायाधीश म्हणजे नखशिखान्त देशकर साहेब: तो प्रश्न, ते पेन, ती चूकसुद्धा. त्यांना विचारायचा धीर मात्र झाला नाही. रोह्याला प्रयोग लागला आणि पाहतो तर तिसऱ्या रांगेत साहेब. माझं धाबं दणाणलं. एवढा सरळ माणूस, आपली थट्टा झाली असं त्याला वाटलं तर मी तोंड कुठे लपवू?

‘नाय’वर थिएटर खदखदून हसलं. साहेब हसले नाहीत. मग ‘माझ्या कानाची’ हे वाक्य आलं आणि सगळे गप्प झाले. तिसऱ्या रांगेकडे बघायची माझी छाती होईना.

प्रयोगानंतर ते दाराशी लेकीचा हात धरून उभे होते. मी चाचरत विचारलं, “साहेब, तो न्यायाधीश कोण, ओळखलंत?”

“नाय तर काय,” साहेब म्हणाले. माझा पडलेला चेहरा पाहून मग हसू लागले. “लिहून घ्या वकीलसाहेब. व्हय.”