गुरुवारी कोपर लागलं की

चार माणसं दर आठवड्याला डोळे मिटून एकत्र बसली की किस्से साठतातच. उघड्या डोळ्यांनी एवढे साठत नाहीत, हा माझा अनुभव. सोलापुरात भवानी पेठेत आमच्या दोन खोल्यांत दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनासभा भरायची. मी तेव्हा शाळेत शिकवायचे. सभेची रीत अशी, की सगळ्यांनी गोल बसायचं आणि आपली प्रार्थना संपली की शेजारच्याला हळूच कोपर लावायचं. ज्याला बोलायचं नसेल त्यानं ते कोपर गुपचूप पुढं सरकवायचं. कुणी काही विचारत नसे.

*

शांतवनमामा कापडगिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे त्यांची प्रार्थना सुरू झाली की गल्लीतला पानवाला हातातलं काम थांबवायचा.

एकदा आमच्या चर्चचे पाळकसाहेब समजुतीनं म्हणाले, "मामा, जरा हळू. देवाला ऐकू येतं."

"त्याला येतंय की," मामा म्हणाले, "मला येत न्हाय."

*

मग एका दुष्काळाच्या सालात मामांची गिरणी बंद पडली. वय पन्नाशीपुढचं, दुसरीकडे कोण घेणार? त्या गुरुवारी मामांना कोपर लागलं आणि त्यांनी ते तसंच पुढं सरकवलं. पुढच्या गुरुवारीही तेच. महिने गेले, मामांच्या तोंडून आमेनसुद्धा निघेना. आम्हाला नोकरीपेक्षा याचीच धास्ती बसली. माणूस एकदा प्रभूवर रुसला, तर परत बोलतो की नाही कुणास ठाऊक! त्यांच्या बायकोचा, मार्थामामींचा, तर त्या काळजीनं चेहराच उतरला होता.

पाळकसाहेब धीर द्यायला त्यांच्या घरी गेले. "प्रभू वाट दाखवेल, मामा."

"वाट दिसतीया, साहेब. तिच्यावर काम दिसंना."

पाळकसाहेब चहा पिऊन परत आले.

*

आमच्यात विड्या वळणारी राजम्मा होती. ती तेलुगूत प्रार्थना करायची. आम्हाला शष्प कळत नसे, पण आमेन आम्ही मनापासून म्हणायचो. एकदा तिच्या प्रार्थनेत दोन-तीनदा 'शांतवन' आलं. सभा सुटल्यावर मामांनी तिला गाठलं.

"माझ्यासाटी काय मागितलंस गं?"

"तुझं तोंड उघडू दे म्हणून."

"मग मराठीत मागायचं की. तेलुगूत उघडलं तर मी काय करू?"

कितीतरी दिवसांनी मामी पदर तोंडाला लावून हसल्या. मला एवढं बरं वाटलं की मी सगळ्यांना परत एकदा चहा केला.

*

चर्चमधल्या बायकांची एक पद्धत होती. स्वयंपाकाला बसताना धान्याची एक मूठ प्रभूसाठी बाजूला काढायची. रविवारी सगळ्यांच्या मुठी एका पिशवीत जमायच्या आणि ती पिशवी गरजेच्या घरी जायची. त्या साली रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा, म्हणून मुठीही मिलोच्याच. आम्ही बायकांनी ठरवून एका रविवारी पिशवी मामींच्या दारात ठेवली आणि पळून आलो.

पुढच्या रविवारी मामी आपली मूठ घेऊन हजर.

मी म्हटलं, "अहो मामी, ते तुमच्यासाठी होतं!"

"व्हय की. ते माझं झालं म्हणून तर मूठ काढली."

मी घरी जाऊन रडले.

*

एकदा न राहवून मीच मामांना विचारलं, "मामा, प्रार्थना करायची नाही, तर दर गुरुवारी येता कशाला?"

मामांना राग आला नाही. म्हणाले, "बाई, प्रभू म्हणाला, माझ्यामागं ये. बोलत ये, असं कुटं म्हणाला?"

*

उन्हाळ्यात मामी आजारी पडल्या. पोटात गाठ निघाली. दवाखान्यात ठेवलं आणि शुक्रवारी सकाळी ऑपरेशन ठरलं. गुरुवारी मामा येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण ते आले, एकटेच, आणि माझ्या शेजारी बसले. दर गुरुवारी मामी सगळ्या गल्लीची नावं घेऊन प्रार्थना करायच्या. कुणाचा खोकला, कुणाची परीक्षा, राजम्माची सून, सगळं त्यात यायचं. त्यामुळे त्यांची पाळी आली की आम्ही ऐसपैस बसायचो. आज ते सगळं नव्हतं, आणि खोली ओस वाटत होती.

माझी प्रार्थना संपली. मामांना कोपर लावावं की त्यांना ओलांडून राजम्माला लावावं, मला कळेना. शेवटी हळूच लावलं.

मामा हलले नाहीत. कोपर पुढंही गेलं नाही. मी डोळे उघडून पाहिलं. मामांनी दोन्ही हात घट्ट धरले होते. उभ्या जन्मात या माणसानं बायकोला चारचौघांत 'ऐकलंस का' याखेरीज दुसरी हाक मारलेली नव्हती.

"प्रभू," मामा म्हणाले, "ती सगळ्यांची नावं घेती. तिचं कुणी घेत न्हाय."

"मार्था," मामा म्हणाले आणि त्यांनी राजम्माला कोपर लावलं.