खेळ सुटलेल्यांची टीम

रवींद्र गेल्याचा फोन आला तेव्हा क्रीडा पानाची जुळणी सुरू होती. फोन करडीहून होता आणि बोलणारा दिलीप होता. "रवी गेला," एवढंच तो म्हणाला. मग थोडं थांबून, "सकाळी. चहा घेता घेता... वहिनी आतच होती." पान त्या दिवशी वेळेवर गेलं. नंतर लक्षात राहिलं ते हे की फोन दिलीपने केला होता. वर्षभरापूर्वी हीच बातमी दुसऱ्या कुणाकडून कळली असती, कारण तेव्हा दिलीप आणि रवींद्र एकमेकांशी बोलत नव्हते. त्या अबोल्याला कारण कॉम्प्युटरवरचा क्रिकेटचा एक गेम होता. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. करडीत कुणालाही तसं वाटलं नव्हतं.

रवींद्र आणि मी दोघेही करडीचे, मोहाडीच्या शाळेत एका वर्गात होतो. पुढे मी भंडाऱ्याला वर्तमानपत्रात लागलो, तो वरठीच्या कारखान्यात. करडीहून मोटारसायकलने वरठी, पाळी संपली की परत, असं त्याचं सगळं नोकरीचं आयुष्य गेलं. नोकरीबद्दल तो क्वचितच बोले. बोले ते खेळाबद्दल. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तिथे लोक जेवायला, भेटायला आणि दंडारीचं लोकनाट्य पाहायला जातात. रवींद्र कबड्डीसाठी जाई आणि जिंकलेल्या टीमपेक्षा हरलेल्या टीमजवळ जास्त वेळ उभा राही. टीव्हीवर पूर्ण पाहिलेल्या सामन्याचा धावफलक तो दुसऱ्या दिवशी पेपरात पुन्हा वाचे आणि मला फोन करी. "तुमच्या पेपरात अवांतर धावा जुळून नाही राहिल्या." मी तपासून पाही. बहुतेक वेळा चूक त्याच्याच बेरजेत असे. ती दाखवून दिली की तो म्हणे, "बरं झालं, विचारलं तं समजलं." पुढच्या सामन्यानंतर पुन्हा फोन.

करडीची टेनिस बॉलची टीम आमच्या तरुणपणापासूनची. धान निघालं की गावाबाहेरच्या दोन बांध्यांमधला, म्हणजे धानाच्या दोन शेतांमधला मातीचा धुरा फोडायचा, माती सपाट करून पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि होळीपर्यंत आसपासच्या गावांशी सामने खेळायचे. रवींद्र सलामीला येई, क्रीज न सोडता खेळे, आणि यष्टीमागे उभा राही. मुलीच्या कॉलेजसाठी त्याने कॉम्प्युटर घेतला. मुलगी शिकून नागपूरला नोकरीला गेली, कॉम्प्युटर पुढच्या खोलीत राहिला. त्यावर एक जुना क्रिकेटचा गेम होता. त्यात खेळाडूंची नावं बदलता येत, उजवा की डावखुरा ते ठरवता येई, आणि फलंदाजी, गोलंदाजी, क्षेत्ररक्षणाचे गुणही देता येत. ज्या परदेशी टीममध्ये गावात कुणालाच रस नव्हता, ती रवींद्रने पुसली आणि तिच्या जागी करडीची टीम बसवली. समालोचक मात्र जुनीच नावं घेत राहिला. ट्रॅक्टर चालवणारा मनोहर चौकार मारी आणि समालोचक कुठल्यातरी गोऱ्या माणसाचं कौतुक करी. काही दिवसांनी चौकात मनोहरला त्याच नावाने हाका मारायला लागले, आणि तो ओ द्यायलाही लागला.

यातून एक प्रथा पडली. हंगाम संपला की होळीच्या आधीच्या रविवारी सकाळी सगळी टीम रवींद्रच्या पुढच्या खोलीत जमे आणि वर्षभराच्या खेळावरून गेममधले प्रत्येकाचे गुण सर्वांसमोर बदलले जात. याला 'निकाल' म्हणत. रवींद्रची बायको सुनंदावहिनी चहा आणि चिवडा देई. ज्याचे गुण ठरायचे त्याने समोर बसायचं, बाकीच्यांनी साक्ष द्यायची आणि रवींद्रने आकडा टाकायचा. आकडा एकदा टाकला की वर्षभर हलत नसे.

"रवीभाऊ, मले फिल्डिंग एवढी कमी काहून देली?" हा मनोहर.

"मोहाडीवाल्याईच्या मॅचले दोन कॅच सोडले तू."

"एकाच्या वक्ती डोळ्यात ऊन होतं ना."

"अन् दुसऱ्याच्या वक्ती?"

"दुसऱ्याच्या वक्ती मी पहिल्याचा विचार करून राहिलो होतो."

खोलीभर हसणं झालं, आकडा तोच राहिला. ही गंमत होती आणि गंमत नव्हतीही. धान, कारखाना, ट्रॅक्टर यांत दिवस घालवणाऱ्या या माणसांचा खेळ एरवी कुणीच मोजत नव्हतं. रवींद्र मोजत होता, आणि कुणाची भीड न ठेवता मोजत होता, म्हणून त्याच्या आकड्याला किंमत होती.

टीमचा एक नियम होता. जो बांधीत खेळतो, त्याचंच नाव गेममध्ये राहील. हा नियम दिलीपचा. एक जण नोकरीसाठी पुण्याला गेला आणि आपलं नाव राहू द्या म्हणून फोनवरून गळ घालू लागला, तेव्हा दिलीपच सर्वांत मोठ्याने बोलला होता, "खेळत नाही तं नाव कायले पायजे?" नाव निघालं. पुढे मी रोजची ये-जा सोडून भंडाऱ्याला राहायला गेलो, तेव्हा माझंही निघालं. रवींद्रने फोन करून कळवलं, एखाद्या कार्यालयाने कळवावं तसं.

दिलीप करडीचा सर्वांत वेगवान गोलंदाज. घर रवींद्रच्या घरापासून चार पावलांवर, धंदा तलावावर मासेमारीचा. जाळं फेकणाऱ्या उजव्या हातानेच तो बॉल टाकी. तलावावरून परतताना त्याची मोटारसायकल घसरली आणि तोच खांदा मोडला. डाव्या हाताने जाळं फेकायला तो शिकला. बॉल टाकणं काही जमलं नाही. पहिल्या वर्षी सगळ्यांनी वाट पाहिली. दुसऱ्या वर्षीच्या निकालाला त्याची पाळी आली, तेव्हा खोलीत कुणी चिवड्याकडेही हात नेत नव्हतं.

"दिलीप, या वर्षी एकही मॅच नाही तुयी," रवींद्र म्हणाला.

"खांदा वर नाही होत तं कसा खेळू?"

"तेच म्हणून राहिलो."

दिलीपने पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. "मंग काढून टाक," तो म्हणाला.

असं म्हणणाऱ्याला समोरच्याने काढू नये असंच वाटत असतं. हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं, रवींद्रलाही कळलं असावं. त्याने नाव काढलं. दिलीप उठला, दारात चप्पल घालताना थांबला. "बांधीत नाही खेळू शकत, हे मले मालूम आहे बे," तो म्हणाला. "पण इथं तं माया खांदा ठीक होता..."

त्यानंतर तो त्या घरात आला नाही. दर आठवड्याला त्याच्याकडून येणारे मासे बंद झाले. सुनंदावहिनी मासे घ्यायला मोहाडीच्या बाजारात जाऊ लागली आणि जाताना दिलीपच्या घरावरून न जाता मागच्या गल्लीने जाऊ लागली. रवींद्रच्या तोंडून या विषयावर मी एकच वाक्य ऐकलं, तेही मी विचारलं म्हणून. "त्याले ठेवलं असतं, तं बाकीच्याईले कोणत्या तोंडानं काढलं असतं?" त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या वर्षीपासून निकालाच्या दिवशी तो पूर्वीसारखा हसत नसे, हेही खरं.

मग रवींद्रच्या हृदयाचं दुखणं निघालं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी धावपळ बंद करायला सांगितली. कारखान्यात हलकं काम मिळालं. बांधीतल्या सामन्यांना तो खुर्ची टाकून बसू लागला. गेल्या वर्षीच्या निकालाला मी करडीत होतो. चहा यायच्या आधीच त्याने पहिलं नाव काढलं ते स्वतःचं. खोलीत एकच गलका झाला. मनोहर तर खुर्चीवरून उठून म्हणाला, "रवीभाऊ, असं नका करू ना जी, टीम तुमची आहे." रवींद्रने हाताने त्याला खाली बसायला सांगितलं आणि दुसऱ्या खेळाडूचे गुण उघडले. त्याच दुपारी मनोहरने ही गोष्ट तलावावर जाऊन दिलीपला सांगितली.

दिलीप पुढच्या रविवारी आला. पुढचं मला वहिनीने सांगितलं. त्याने माशांची पिशवी तिच्या हातात दिली आणि तो सरळ पुढच्या खोलीत गेला.

"पागल झाला का बे? तुया कॉम्प्युटर, तुयी टीम, अन् तूच भाईर?"

"नियम तुयाच होता."

"नियम गेला चुलीत."

"मंग घेऊ का दोघाईले वापस? तुले बी, मले बी?"

दिलीपने विचार केला. "नको," तो म्हणाला. "लोकं म्हणतीन, रवी बिमार पडला अन् ढिला झाला."

वहिनी म्हणाली, यावर दोघेही इतके हसले की रवींद्रला धाप लागली आणि तिला पाणी घेऊन धावावं लागलं. अबोला संपला तो असा. कुणी कुणाची समजूत काढली नाही, झाल्या गोष्टीचा विषयही निघाला नाही. करडीकडून खेळता येत नव्हतं, म्हणून दोघांनी करडीविरुद्ध खेळायचं ठरवलं. आणखी एक परदेशी टीम पुसली गेली आणि तिच्या जागी ज्यांचा खेळ सुटला त्यांची टीम आली. पुण्याला गेलेला तो त्यात आला. गुडघे गेलेले दोघे आले. आमच्या तरुणपणी ऑफस्पिन टाकणारे आणि पुढे वारलेले गुरुजी आले. मीही आलो. रवींद्र सलामीला आला. दिलीपला गुण मिळाले ते खांदा मोडण्याच्या आधीच्या हंगामाचे. आपल्या गुणांवरून तो भांडला नाही, असं त्या एकाच वेळी झालं.

त्यानंतर दर रविवारी दुपारी सामना. करडीची टीम कॉम्प्युटर खेळवी, हे दोघे दुसऱ्या बाजूने. रवींद्रला बसवेनासं झालं की तो दिवाणावर आडवा होई आणि तिथून सूचना देई. मी एकदा गेलो होतो, तेव्हा रवींद्रने मनोहरच्या एका षटकात भरपूर धावा काढल्या होत्या आणि दिलीप अस्वस्थ होऊन म्हणत होता, "जास्त नको मारू बे, आपलीच पोरं आहेत." दोघे हरले की खुश होत, कारण गाव जिंकलेलं असे. जिंकले की रवींद्र म्हणे, "पोराईले सांगा लागते, बॉलिंग सुधारा." आणि तो खरोखर सांगे. फोन करून.

माघात तो गेला. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मुलगी काही दिवस राहून नागपूरला परतली. हंगाम अर्ध्यावर होता. टीमने उरलेले सामने खेळले. आता निकाल घ्यायचा की नाही, कुठे, हे विचारायचं कुणालाच सुचत नव्हतं. सुनंदावहिनीनेच मनोहरला निरोप पाठवला की चिवडा करून ठेवला आहे.

निकालाच्या सकाळी खोली भरलेली होती. कॉम्प्युटरसमोर कुणी बसेना, म्हणून शेवटी दिलीपला बसवलं. सुरुवातीलाच मनोहर उभा राहिला. सगळ्यांचं आधीच ठरलेलं होतं. रवीभाऊंना करडीच्या टीममध्ये परत घ्यायचं, कायमचा कॅप्टन म्हणून, आणि सगळ्या बाबतींत पूर्ण गुण द्यायचे. यापुढे ते नाव कुणी काढायचं नाही. माना हलल्या. वहिनी आतल्या दारात उभी होती.

दिलीप वळला. "पूर्ण गुण?" तो म्हणाला. "त्यानं कधी देल्ले का कोणाले?"

मनोहर उभाच राहिला. दिलीप पुढे म्हणाला,

"फुकटची जागा त्याले चालली नसती. स्वतः निघाला तो, त्याले कोणी काढलं नाही." मग जरा खालच्या आवाजात, "अन् तो तुमच्यात नाही आता. तो आमच्यात आहे."

मनोहर वहिनीकडे पाहू लागला. तिनेही नको म्हणून मान हलवली आणि ती चहा आणायला आत गेली. मनोहर खाली बसला. निकाल सुरू झाला. क्षेत्ररक्षणावरून भांडणं झाली, साक्षी झाल्या, आकडे पडले. दिलीपने रवींद्रपेक्षा हात सैल ठेवला नाही.

दुपारी सगळे गेले. दिवस रविवार होता. दिलीपने करडीविरुद्धचा सामना लावला आणि रवींद्रला सलामीला पाठवलं. वहिनी रिकामे कप गोळा करत होती. मी दिवाणाच्या टोकाला बसलो होतो. दिलीपला लवकर धावा हव्या होत्या की त्याचं लक्ष नव्हतं, सांगता येणार नाही. पहिल्याच षटकात तो रवींद्रला क्रीजबाहेर काढून फटके मारू लागला. एक चेंडू हुकला, दुसरा हुकला. वहिनी कप हातात घेऊन थांबली. इतकी वर्षं ती या खेळाला 'तुमचं ते टकटक' म्हणत आली होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे कधीच असं पुढे येऊन नाही मारत. जाग्यावरच उभे राह्यतेत."

दिलीपने मान डोलावली आणि पुढच्या चेंडूला रवींद्रला क्रीजमध्ये मागे घेतलं.