पडद्याच्या पलीकडची खुर्ची

बियाण्याच्या पाकिटावर मुदत छापलेली असते. ती संपली की पाकीट दुकानातून परत येतं. किश्श्यांचं तसं नाही, ते एकदा ऑफिसात शिरले की मुक्कामच ठोकतात. दुपारी डबे उघडले की कुणीतरी म्हणतंच, "वैशाली, तो विमानातला सांग ना." आणि मला विचारावं लागतं, "कोणता?"

मी जालन्याच्या एका बियाणे कंपनीत आहे, मार्केटिंगला. टार्गेट पूर्ण करणाऱ्या डीलरांना कंपनी दरवर्षी विमानाने दिल्ली दाखवून आणते. डीलरांच्या बायकाही असतात, म्हणून ऑफिसातली एक बाई बरोबर हवी, आणि काउंटरवर तिला चार वाक्यं इंग्रजी बोलता यायला हवीत. असं होत होत ते माझ्यावर आलं. मी बी.एस्सी. झालेय खरी, पण कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. विमानात पट्ट्याचा दिवा 'टिंग' करून लागतो, तेव्हा शेजारचा माणूस दिव्याकडे नाही, माझ्याकडे बघतो.

आणि सगळा घोळ विमानाच्या पुढच्या भागाचा. तिथे रुंद खुर्च्या असतात, मग एक पडदा, आणि पडद्याच्या मागे आपण. औरंगाबादहून निघणाऱ्या विमानात पुढच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्याच जातात. आणि रिकामी खुर्ची आमच्या माणसांना बघवत नाही.

*

पहिल्याच ट्रिपला भास्करराव सगळ्यांच्या पुढे होते. तीर्थपुरीला त्यांचं दुकान आहे, कपाशीच्या बियाण्यात त्यांचा हात धरणारं त्या भागात कुणी नाही. शिडी चढले, आत गेले, पहिली रुंद खुर्ची दिसली. खिशातली दस्ती, म्हणजे हातरुमाल, काढून तिच्यावर टाकली आणि वळून बायकोला हाक मारली, "या इकडं, धरली जागा."

एअर होस्टेसने त्यांचा पास बघितला. म्हणाली, "सर, तुमची जागा मागे आहे, पंखाजवळ."

"असंल. पण इथं दस्ती माझी पडली ना आधी?"

मी मागून "काका, काका" करत होते. शेवटी त्यांना हाताला धरून मागे नेलं. गडबडीत दस्ती पुढेच राहिली.

विमान उडाल्यावर तीच मुलगी आली. हातात चकचकीत ट्रे. ट्रेमध्ये दस्ती, चार घड्या घालून.

भास्कररावांनी ती दोन्ही हातांनी उचलली, खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "ताई, एसटीत असं झालं तर दस्ती खिडकीतून बाहेर फेकतेत. इथं इज्जतीनं हाकलून राह्यले."

*

भास्कररावांच्या शेजारी नेहमी मुळे गुरुजी बसतात. शाळेतून रिटायर झाल्यावर त्यांनी अंकुशनगरला दुकान टाकलं, पण शाळा अजून त्यांच्यातून रिटायर झालेली नाही. दोघांचीही शेतं कालव्याखाली, त्यामुळे भांडण कशावरूनही सुरू झालं तरी ते पाण्यावर येतं.

"ती खुर्ची खाली चाल्ली दिल्लीला," भास्करराव म्हणाले. "म्हंजे पाणी नाल्याला चाल्लं. मी घेतलं तर कोणाचं काय गेलं?"

"पाळी नसताना पाण्याचं दारं उघडलं तर ती चोरीच," गुरुजी म्हणाले.

"पण वरच्याचं रान भिजून झालंय ना, गुरुजी. अन् पाणी वाहूनच चाल्लंय."

गुरुजींनी मान वळवली. खिडकीतून खालचे ढग बघितले. मग म्हणाले, "असं असंल तर घेता येतंय. पण इचारून."

आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी डोक्यावरचं बटण दाबलं. मी दचकले. एअर होस्टेस आली. गुरुजींनी तिला सगळं रीतसर समजावलं, की खुर्ची वाया जाते आहे, कुणाचं नुकसान नाही, आणि आमचं वर्तन चांगलं आहे. तिने ऐकून घेतलं आणि गोड हसून "सॉरी सर" म्हणाली.

ती गेल्यावर भास्करराव गुरुजींकडे वळले. "तुम्ही इचारलं म्हणून ती न्हाई म्हणली. इतकी वर्षं कॅनॉलवर काढली, तिथं कोणी इचारलेलं बघितलं का?"

*

भास्कररावांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणतो. काकूंचे गुडघे वाकत नाहीत. दुसऱ्या ट्रिपला परतताना त्या मधल्या वाटेत पाय लांब करून बसल्या होत्या आणि जेवणाची गाडी त्यांच्यामुळे अडली होती. एअर होस्टेसला दया आली. तिने स्वतःहून काकूंना उठवलं आणि पुढे, पडद्यापलीकडे नेऊन बसवलं. कुणी मागितलं नव्हतं, कुणी दस्ती टाकली नव्हती. गुरुजीसुद्धा म्हणाले, "हे नियमात बसतंय."

काकूंच्या शेजारी एक सुटातले गृहस्थ होते, पुण्याचे. डोळ्यांवर काळी पट्टी बांधून झोपायच्या तयारीत. काकूंनी पिशवीतून धपाटे काढले आणि त्यांना उठवलं.

तिथून पुढचं आम्हाला पडद्यातून नुसतं ऐकू येत होतं. पोरं किती? सुना नांदतेत का? बायकोला का न्हाई आणलं? तुम्ही एवढं फिरून राह्यले, मंग घरी कोण बघतंय?

जरा वेळाने पडदा सरकला आणि ते गृहस्थ मागे आले. कोट हातावर, एका हातात धपाटं. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे ते बसले, धपाटं संपवलं, पट्टी बांधली आणि झोपले.

भास्करराव वाकून त्यांच्याकडे बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले, "ताई, हा त्याची जागा सोडून इकडं आला. याला का कोणी पास न्हाई मागितला?"

*

त्या गृहस्थांनी धपाटं खाल्लं होतं, तरी तक्रार केली. विमान कंपनीकडून ती तिकिटं काढून देणाऱ्याकडे आली आणि तिथून जोशी साहेबांच्या टेबलावर. जोशी साहेब म्हणजे आमचे मार्केटिंग मॅनेजर. ते ओरडत नाहीत. पेनाचं टोपण लावतात आणि मग बोलतात, ते जास्त वाईट.

"मॅडम," टोपण लावून ते म्हणाले, "यापुढे आपल्या ग्रुपमधलं एक जरी माणूस पडद्याच्या पुढे बसलेलं मला कळलं, तर पुढची ट्रिप दुसरं कुणी नेईल. तुम्ही गोडाऊन सांभाळा."

गोडाऊनला औषध लावलेल्या बियाण्याचा वास असतो, तो केसांतून जात नाही. पण वासाचं सोडा. घरी आईने ऐकलं आणि लगेच म्हणाली, "गोडाऊनच बघायचं असंल तर नोकरी कशाला? आलेलं स्थळ तरी बघू." म्हणजे माझ्या नोकरीचं सगळं ओझं आता त्या एका पडद्यावर आलं.

पुढच्या ट्रिपला मी पडद्याला लागून पहिल्या रांगेतच जागा मागून घेतली. डोळ्याला डोळा लागू दिला नाही. दर माणूस मोजत होते, आपला की परका. एकदा शेजारून एक माणूस झपाझप पुढे गेला आणि त्याने पडद्याला हात घातला. पाठीमागून अगदी आपल्या डीलरासारखा. मी त्याचा शर्टच धरला.

"तिकडं आपलं नाही," मी म्हणाले.

तो वळला. डीलर नव्हता. शांतपणे खिशातून पास काढून दाखवला. जागा पुढचीच होती, तो नुसता मागच्या बाथरूमला आला होता.

मला त्याचा शर्ट सोडायचंही सुचेना. शेवटी त्यानेच माझी बोटं सोडवली. मागून भास्कररावांचा आवाज आला, "कालव्यावर पाणी सोडणारा पाटकरीबी असा शर्ट न्हाई धरत, ताई."

*

आणि मग ती पट्टा तुटलेली खुर्ची.

त्याच ट्रिपला परत येताना आमच्यातल्या एका जागेचा पट्टा लागेना. विमान भरलेलं, मागे दुसरी जागा नाही. हवाई कर्मचाऱ्यांची मुख्य, पिकल्या केसांची शिस्तीची बाई, माझ्याकडे आली. "तुमच्या ग्रुपमधल्या एकाला पुढे बसवावं लागेल. कुणाला, ते तुम्ही ठरवा."

मी तिला विचारलं, "तुम्हीच बसवताय ना? आम्ही मागितलं नाही ना? कंपनीला कळवणार नाही ना?" ती घड्याळाकडे बघायला लागली.

ठरवायचं काम गुरुजींनी घेतलं. एकाला दिलं तर बाकीच्यांवर अन्याय. "पाळ्या लावू," ते म्हणाले. "अन् पाळी टेलपासून सुरू करायची. सगळ्यात मागं बसलेला आधी. वरच्याला नेहमीच मिळतंय." ह्यावर भास्कररावांचंही एकमत झालं. तीर्थपुरी कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला; तिथे पाणी सगळ्यात शेवटी मिळतं, म्हणजे मिळालं तर.

विमान सरळ झालं, पट्ट्याचे दिवे विझले आणि पाळ्या सुरू झाल्या. एक जण पुढे जायचा, आधीचा मागे येऊन त्याच्या रिकाम्या जागेवर बसायचा. गुरुजी मनगटावरचं घड्याळ बघून मान हलवायचे की पुढचा उठायचा. कुठे गडबड नाही, आवाज नाही. मला वाटलं, निभावलं.

मग ती पिकल्या केसांची बाई माझ्यापाशी येऊन वाकली.

"मॅडम, पुढे मी एकाच सीटला तीन वेळा जेवण दिलं," ती म्हणाली. "आणि दर वेळी माणूस म्हणतो, माझं राहिलंय. माझी नोकरी वीस वर्षं झाली. एका पॅसेंजरची तीन तोंडं मी आज पहिल्यांदा बघितली."

*

हे साहेबांना कळायला नको होतं. भास्करराव मालाची ऑर्डर द्यायला जालन्याला आले होते, तेव्हा त्यांनी स्वतः केबिनमध्ये जाऊन अभिमानाने सांगितलं, "साह्यब, औंदा आम्ही समदे पुढं बसून आलो. बिलकुल भांडण न्हाई."

साहेबांनी टोपण लावलं. मला बोलावलं आणि म्हणाले, "पुढच्या ट्रिपला मी स्वतः येतो. माझं तिकीटही सगळ्यांबरोबर मागचंच काढा. मला बघायचंय."

औरंगाबादला चिकलठाण्याच्या विमानतळावर मी सगळ्यांचे पास काढले, साहेबांचा सुद्धा, आणि एकेकाला आत धाडलं. शेवटी माझा नंबर आला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मागे एक जागा कमी पडतेय. तुम्हाला पुढे देते."

"नको."

"फ्री आहे, मॅडम."

"म्हणूनच नको. आमच्या साहेबांना द्या."

"त्यांचा पास झालाय, ते आत गेले. तुम्ही पुढे बसा, नाहीतर उद्याच्या फ्लाइटने या."

मी रडायच्या बेतात पास घेतला. साहेबांना आधीच सांगून टाकावं म्हटलं, तर ते मला विमानाकडे नेणाऱ्या बसमध्ये दिसलेच नाहीत. ते मागे राहून शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांना मोजून चढवत होते. पुढच्या खुर्चीवाल्यांना आधी चढवतात, म्हणून मी आत जाऊन त्या रुंद खुर्चीच्या अगदी काठावर बसले. रस दिला तो घेतला नाही. खुर्चीच्या हाताला हात लावला नाही.

आमची माणसं शेजारून मागे जायला लागली. भास्करराव थबकले. "ताई, उठा जल्दी. साह्यब येऊन राह्यले."

"काका, मला काउंटरवरच्या मुलीनेच दिलीय ही."

"न मागता?" त्यांनी गुरुजींकडे बघितलं. "बघा गुरुजी, न मागता."

"न मागता दिलेलं घेतलं तर चोरी न्हाई," गुरुजी म्हणाले. मग मागे वळून शिडीकडे बघितलं. "पण साह्यबाला ते कसं वाटंल, ते मला सांगता यायचं न्हाई."

साहेब आले. ऑफिसात ते आले की मी उठते, तशी उठले. डोकं वरच्या सामानाच्या कप्प्यावर जोरात आपटलं. डोळ्यांसमोर काजवे, आणि मी पास पुढे धरलेला. साहेबांनी पास बघितला, खुर्ची बघितली, माझं डोकं बघितलं.

"बसा," एवढंच म्हणाले आणि मागे गेले. त्यांची जागा भास्करराव आणि काकूंच्या मधली होती.

विमान वर गेलं, पडदा ओढला गेला. मग पडदा हलला आणि मी उठून उभी राहिले. एअर होस्टेस होती. पुन्हा हलला, पुन्हा उठले. तिच्या हातातली कॉफी सांडता सांडता राहिली. ती म्हणाली, "मॅडम, प्लीज." मी बसले. पडदा हलला, मी उठले. पाय ऐकतच नव्हते. पुढचे दोन-तीन सुटातले लोक पेपर खाली करून बघायला लागले, आणि मागून, पडद्याच्या पलीकडून, काकूंचा आवाज येत होता. पोरं किती? बायकोला का न्हाई आणलं?

असं बराच वेळ चाललं. मग पडदा हलला आणि खरोखर साहेबच आले. मी उभीच होते. ते माझ्या खुर्चीपाशी येऊन वाकले.

"सर," मी म्हणाले, "सोमवारपासून गोडाऊनला येऊ का?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं. पडद्याच्या फटीत भास्करराव, गुरुजी आणि काकू, तिघांची तोंडं एकाखाली एक दिसत होती.

"ते राहू द्या," साहेब अगदी हळू म्हणाले. "आधी खाली बसा. तुम्ही उभ्या राहिलात की तिकडे सगळे मला विचारतात, साहेब तर तुम्ही ना, मग तुम्ही मागे कसे?"